नव्याचा सण

वडिलांच्या नोकरीमुळे माझे बालपण अलिबागेत गेले. आमच्या बिऱ्हाडाशेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहत असे. १९६२ सालच्या २८ सप्टेंबरला, शुक्रवारी, ऊन कलताना शेजारच्या मावशी नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा घेऊन आल्या. "सूर्य बुडाला की आमचे नवे वर्ष लागेल," असे म्हणाल्या आणि लगबगीने परतल्या. आईने भिंतीवरल्या दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले. पुढल्या वर्षीच्या दिनदर्शिकेवरही ते न विसरता उतरवले. रिकामी ताटली परत कशी करायची, हा आमच्या घरी मानाचा प्रश्न होता.

१९६३ साली २८ सप्टेंबरला शनिवार आला. आईने करंज्या तळल्या, ताटलीवर जाळीचा रुमाल घातला आणि मला बरोबर घेऊन ती शेजारी गेली. दार बंद. खिडक्याही बंद. आईने दोनदा हाक मारली. ओ आली नाही. घरी येऊन तिने ताटली ओट्यावर ठेवली. "आपल्या हातचे त्यांना चालत नसेल," एवढेच ती बोलली. रात्री मात्र वडिलांशी हलक्या आवाजात बोलताना मी ऐकले. शुभ शुक्रवारच्या लॅटिन प्रार्थनेत यहुदी लोकांसाठी एक कठोर विशेषण होते. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली ते काढून टाकले होते. पण आईने ते लहानपणापासून ऐकले होते आणि वडिलांनी तिला त्याचा अर्थ सांगितला होता. "त्यांना ठाऊक असेल का हो?" असे ती विचारीत होती. वडील काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही मिस्साहून परतलो, तो मावशी आमच्या पायरीवर बसलेल्या. "अगं, काल आमचा दारफाळणीचा सण. दिवसभर उपास, दारे बंद. आज शिळा सण, आज भेटीगाठी. करंज्या आहेत का शिल्लक?"

आईची तारीख चुकली नव्हती; चंद्र पुढे गेला होता. मावशींनी बोटांवर मोजून दाखवले. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५. म्हणून तिश्री महिन्याची प्रतिपदा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. १९६३ साली ती १९ सप्टेंबरला आली होती आणि २८ तारखेला तिश्रीची दशमी, प्रायश्चित्ताचा दिवस होता. असेच चालू राहिले तर वल्हांडण वसंतातून सरकून थंडीत जाईल. म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा अदार महिना दोनदा धरतात. आपल्याकडला अधिक मास फिरता असतो, त्यांचा ठरलेला, एवढाच फरक. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, हे तर आम्हा कॅथोलिकांना सहज कळावे. रविवारचा उपासनाविधी आपणही शनिवारच्या सायंकाळपासूनच मानतो.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. लेवीयच्या पुस्तकात हा दिवस सातव्या महिन्याचा पहिला, शिंग फुंकून स्मरण करण्याचा दिवस आहे. महिने निसानपासून मोजायचे आणि वर्ष तिश्रीपासून! वल्हांडणाच्या पहिल्या दिवसानंतर बरोबर १६३ दिवसांनी वर्षारंभ येतो. वर्षाचा पहिला दिवस रविवारी, बुधवारी वा शुक्रवारी येऊ देत नाहीत. बुधवारी किंवा शुक्रवारी आला, तर उपासाचा दिवस शब्बाथाला खेटून येईल आणि दोन दिवस चूल पेटणार नाही. हिशेब करणाऱ्यांना स्वयंपाकघराची आठवण होती, हे मला फार आवडते.

त्यानंतर आईने छापील तारखेभोवती वर्तुळ काढले नाही. श्रावण सरत आला की ती कुंपणाशी जाऊन विचारी, "यंदा तुमचा नव्याचा सण कधी?" ऑक्टोबर १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने यहुदी लोकांविषयीचे निवेदन प्रसिद्ध केले, तेव्हा वडिलांनी ते आईला वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मावशींना सांगून येते."

पुढे ते कुटुंब इस्राएलला गेले. कुंपणापलीकडे विचारायला कोणी उरले नाही, म्हणून आता मीच पाहून ठेवतो. २०२४ साली तो दिवस घटस्थापनेलाच आला, ३ ऑक्टोबरला. २०२६ चा १२ सप्टेंबरला, शनिवारी. म्हणजे हलवा शुक्रवारी, सूर्य बुडण्याआधी.