गोचिडीच्या पोटातलं रक्त

टम्म फुगलेल्या गोचिडीच्या पोटात जे रक्त असतं, ते गाईचं असतं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकूनही मी ही गोष्ट विसरले आणि त्यापायी संगमनेर तालुक्यातल्या काही गोठ्यांना चुकीचा सल्ला गेला. गोचिडींच्या अभ्यासात नव्याने येणारे हीच वाट धरताना दिसतात, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचं दूध बरंचसं संकरित गाईंवर चालतं. गावठी जनावर थायलेरिया नावाच्या ज्या जंतूला बऱ्यापैकी तोंड देतं, त्यानेच एचएफ (होल्स्टीन) संकराची गाय आडवी होते. ताप १०५-१०६ अंशांवर चढतो, खांद्यापुढची गाठ सुजते, डोळ्यांच्या आतलं कातडं पांढरं पडतं, दूध आटतं. लघवी तांबडी झाली तर बबेसिया या दुसऱ्या जंतूचा संशय घ्यायचा. गोठ्यात दोन्हींना नाव एकच, गोचीडताप. कुठली गोचीड कुठला जंतू नेते हे शोधणं, हे माझं काम होतं.

आजारी गाईंच्या कासेवरून, मानेखालून मी गोचिडी ओढून काढल्या. घाईत ओढल्यामुळे कित्येकींचं तोंड कातडीतच राहिलं. चिमटा कातडीला टेकवून, सरळ रेषेत, सावकाश ओढायचा असतो. कारण हायलोमाचं तोंड लांब आणि ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लसचं आखूड, ही ओळख त्या तोंडावरच बरीचशी ठरते. तोंड तुटलेल्या गोचिडी मी अंदाजाने ओळखल्या आणि दहा-दहा एका नळीत भरल्या. एखादी नळी पॉझिटिव्ह आली तरी आतल्या किती गोचिडींत जंतू होता, हे मला कधीच कळणार नव्हतं.

पीसीआरमध्ये मायक्रोप्लसच्या नळ्यांत थायलेरिया अॅन्युलाटाचा डीएनए सापडला. मी हरखून गेले. ‘ही गोचीड थायलेरिया पसरवते’ असं लिहिलं आणि त्याच जोरावर शेतकऱ्यांसाठी एक कागद तयार केला: जनावराच्या अंगावर वेळापत्रकाने औषध फवारा, ताप थांबेल. दूध संकलन केंद्रावर तो कागद चिकटवला गेला.

त्या उन्हाळ्यात एका मावशींच्या कालवडीला ताप आला. डॉक्टरांनी वेळेत ब्यूपारव्हाक्वोनचं इंजेक्शन दिलं म्हणून ती वाचली. मी गेले तेव्हा मावशी रागावल्या नव्हत्या, पण त्यांनी सरळ विचारलं, “ताई, तुम्ही सांगितलं तसं औषध मारलं. अंगावर एक गोचीड राहिली नव्हती. मग हे कुठून आलं?” मग त्याच मला गव्हाणीमागच्या दगड-मातीच्या भिंतीपाशी घेऊन गेल्या. केसातली पिन काढून त्यांनी एका भेगेत फिरवली. आतून वाळलेल्या कातींचा चुरा पडला, आणि त्याच्या मागोमाग चार-पाच चपट्या, उपाशी, तपकिरी गोचिडी चालत बाहेर आल्या. पायांच्या सांध्यांवर फिकट पट्टे होते. हायलोमा. मी तिथे अनेकदा गेले होते, पण भिंतीकडे पाहिलं नव्हतं.

मायक्रोप्लसचं सगळं बालपण एकाच गाईवर जातं. अळी चढते, तिथेच कात टाकते, तिथेच प्रौढ होते. पोट भरलं की मादी खाली पडते, जमिनीत अंडी घालते आणि मरते. बबेसिया बायजेमिना तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, म्हणून तो आजार ती पसरवते. थायलेरिया अंड्यांतून जात नाही. आजारी गाईचं रक्त प्यायलेली गोचीड कात टाकून दुसऱ्या जनावरावर चढली, तरच तो तिथे पोहोचतो. हे करते हायलोमा. पोट भरलेलं तिचं पिल्लू खाली उतरतं, भिंतीच्या भेगेत कात टाकतं, आणि प्रौढ होऊन दुसऱ्या गाईला चावतं. मला नळीत दिसलं होतं ते आजारी गाईचं रक्त. गाय आजारी आहे हे तर तिच्या मालकिणीला आधीच ठाऊक होतं!

म्हणून आता मी उपाशी गोचिडी गोळा करते, भेगांतून, बॅटरीच्या उजेडात. गाईवरून घ्यायच्याच झाल्या तर पोट भरलेली पिल्लं घेते, दमट उबेत ठेवून त्यांना कात टाकू देते आणि मग प्रौढांच्या लाळग्रंथी वेगळ्या काढते. सूक्ष्मदर्शकाखाली या ग्रंथी द्राक्षाच्या घडासारख्या दिसतात. जंतू त्या मण्यांत असेल तरच गोचिडीला वाहक म्हणायचं. तेवढ्यावरही काम पुरं होत नाही. डीएनए मेलेल्या जंतूचाही असू शकतो.

दुसरी चूक माळावरची. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात गोचिडींतून पसरणारा माकडताप सापडला, तेव्हापासून पुण्याच्या विषाणू संस्थेचे लोक रानात फडकं ओढून गोचिडी पकडत आले आहेत. २०१६ मध्ये हा ताप आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे पसरला. तीच पद्धत मी उचलली आणि कर्जतकडच्या गवताळ माळावर फडकं फिरवलं. काही लागलं नाही, म्हणून ‘गोचिडी नाहीत’ असं नोंदवलं. पण गवताच्या टोकावर बसून वाट पाहणारी हिमाफायसेलिस फडक्याला लागते. आमच्याकडची हायलोमा भेगाबिळांत असते, तिला फडकं कुठून सापडणार! रिकामं फडकं पद्धत चुकल्याचं सांगत होतं आणि मी माळाला निर्धोक ठरवून बसले.

हायलोमाला हलक्यात घेण्यात माणसांनाही धोका आहे. २०११ च्या जानेवारीत गुजरातेत साणंदकडे क्रायमियन-कांगो ताप निघाला. भारतात निदान झालेले ते पहिले रुग्ण, आणि त्यात उपचार करणारेही दगावले. त्या विषाणूची वाहक हायलोमाच. आमच्याकडे गोचीड नखावर चिरडायची सवय आहे, आणि मीसुद्धा सुरुवातीला उघड्या हातानेच काम करत होते. आता हातमोजे घालते आणि गोठ्यात प्रत्येकाला सांगते, चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका.

मावशींच्या मुलाने भिंतीच्या भेगांवर फ्लेम गन फिरवली आणि मग सिमेंटने त्या लिंपल्या. संकलन केंद्रावरचा कागद मी स्वतः काढून दुसरा लावला: अंगावर फवारणी हवीच, पण गोठ्याच्या भेगा आधी. जुन्या कागदाचा फोटो मात्र मोबाइलवर अजून फिरतो आहे. तो पाठवून कुणी विचारलं की मी फोन करते आणि गोठ्याची भिंत कशाची आहे ते आधी विचारून घेते.