तापली की अडखळते

गाडी थंड असताना काहीच तक्रार नसायची. सकाळी वाईतून निघालो की सुरुवातीचं अंतर ती नव्यासारखी धावे. पसरणी घाटाची वळणं सुरू झाली, इंजिन तापलं, की मिसिंग. तेही मूठ अगदी थोडी फिरवलेली असताना: एसटीच्या मागे रांगत जाताना, वळण घेताना. मूठ पूर्ण पिळली की सगळं सुरळीत. पाचगणीला शाळेच्या फाटकाशी थांबलो की आयडलिंग वर-खाली व्हायचं आणि मधेच इंजिन गप्प व्हायचं.

गाडी 2010 सालची, एका सिलिंडरची, पण इंजेक्शनवाली. तेव्हा अशा गाड्या रस्त्यावर मोजक्या दिसत. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 चे नियम लागू झाले, नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला आणि गल्लीतल्या गॅरेजातही स्कॅनर आला. माझ्या गाडीला त्या स्कॅनरचा कपलर बसत नाही. तिचा दोष मीटरवरच्या पिवळ्या दिव्याची उघडझाप मोजून ओळखायचा, आणि दिवा तर पेटतच नव्हता.

"सर, पंप गेलाय बघा. टाकी उतरवून नवा टाकू," मेकॅनिक म्हणाला.

पंप म्हणजे काही हजारांचं काम. मी म्हटलं, पंप कमजोर झाला असेल तर पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं तेव्हा गाडी आधी दम टाकेल, म्हणजे चढावर मूठ पिळल्यावर. इथं तर तेव्हाच ती खूश असते. त्याला ते पटलं नाही. "इंजेक्शनमध्ये शेवटी पंपच निघतो," असं त्याचं म्हणणं. तरी त्यानं मला गॅरेजच्या कडेला जागा आणि मल्टिमीटर दिला, हा त्याचा मोठेपणा.

घाट हाही एक संशयित होताच. वाई ते पाचगणी चढण पाचशे मीटरहून जास्त आहे आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या वरच्या विरळ हवेत जड होतात. इंजेक्शनमध्ये मात्र हवेचा दाब सांगणारा सेन्सर असतो, तो पेट्रोल तेवढं कमी करतो. शिवाय इंजिन तापलेलं असलं की हाच त्रास खाली वाईच्या बाजारातही व्हायचा. म्हणजे घाट निर्दोष.

मग पेट्रोल. हल्ली त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाचगणीच्या पावसाळ्यात, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या टाकीत पाणी उतरलं तर नवल नाही. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवलं. खाली थर बसला नाही, कचराही नाही.

बॅटरीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतो. बंद गाडीत साडेबारा, चालू इंजिनावर चौदाच्या आसपास. ठीक. अर्थिंगची वायर सोडवून पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा आवळली, फरक शून्य. थ्रॉटलच्या सेन्सरला मीटर लावून मूठ सावकाश फिरवली, आकडा कुठंही उडी न मारता चढत गेला. इंजेक्टरच्या कॉइलचा रोध बारा ओहमच्या घरात. सगळे कागद स्वच्छ!

प्लगनं मात्र तोंड उघडलं. टोक खडूसारखं पांढरट. म्हणजे आत हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजेक्टर चोंदला असता तर मूठ पिळल्यावरही गाडी उपाशी राहिली असती. उरली हवा, तीही मोजणीत न आलेली.

माझ्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर नाही. थ्रॉटल किती उघडला, इंजिन किती वेगानं फिरतंय, मुख्यतः एवढ्यावरून ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, पेट्रोल ठरवतो. तो त्या बाबतीत तलाठ्यासारखा आहे: सातबाऱ्यावर नोंद बरोबर असली की बांधावर काय चाललंय ते तो बघत नाही. थ्रॉटलच्या पुढे कुठं फट असेल तर तिथून शिरणारी हवा त्याच्या दप्तरात नसते, आणि सगळे सेन्सर आपापल्या मर्यादेत बोलत असल्यानं दिवाही पेटत नाही. थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते तेव्हा इंजिनाची ओढ सगळ्यात जोरात असते, त्यामुळे केसाएवढ्या भेगेतूनही हवा खेचली जाते. झडप पूर्ण उघडली की ती ओढ उरत नाही. थंड इंजिनाला ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, म्हणून सकाळी सगळं झाकलं जायचं.

अशा वेळी कार्ब क्लीनर फवारून बघायची पद्धत आहे. तापलेल्या इंजिनाशेजारी तो पेट घेऊ शकतो, म्हणून मी इस्त्रीसाठीची पाण्याची बाटली नेली. गाडी तापवली, आयडलिंगला सोडली आणि थ्रॉटल बॉडी व सिलिंडर हेड यांच्यामधल्या मॅनिफोल्ड रबरावर फवारा मारला. वरून काही नाही. बाजूनं काही नाही. खालून नळी वाकडी करून मारला आणि आवाज बदलला; पाण्यानं भेग भरली तेवढा क्षण आयडलिंग जुळलं, मग पुन्हा लटपट. मेकॅनिक हातातलं काम टाकून आला. "परत मारा सर." परत तेच.

रबर सोडवलं तेव्हा क्लॅम्पच्या कडेला, खालच्या अंगाला, भेग दिसली. थंडपणी ती मिटलेली असे. बोटानं वाकवल्यावर उघडायची. कुणीतरी केव्हातरी क्लॅम्प गरजेपेक्षा जास्त आवळला होता, बाकीचं काम उन्हानं आणि वयानं केलं. सिलिकॉन लावून भागवू, असा प्रस्ताव आला. पेट्रोलच्या वाफेपुढे साधं सिलिकॉन टिकत नाही, म्हणून नको म्हटलं. नवं रबर पुण्याच्या नाना पेठेत मिळालं, पंपाच्या किमतीपुढे चिल्लर म्हणावी इतकं स्वस्त. उघडलंच आहे तर थ्रॉटल बॉडीतला काळा थरही पुसून घेतला.

आता घाटात एसटीच्या मागं ती निमूट चालते. एक खोड राहिली आहे: रात्रभर उभी राहिली की सेल्फ दोनदा मारावा लागतो. चावी फिरवून पंपाची घरघर थांबू द्यायची, चावी बंद करून पुन्हा फिरवायची, मग सेल्फ मारला की लगेच उठते. म्हणजे लाइनमधला दाब रात्रीत उतरतो. बहुधा पंपातला न-परतीचा व्हॉल्व्ह. त्यासाठी टाकी उतरवावी लागेल. मेकॅनिक रोज विचारतो, "मग, पंप बघायचा का सर?" दिवाळीच्या सुट्टीत बघू, असं सांगितलंय.