ताप उतरेना

आमच्या घरात कुणाला ताप आला की निदानाच्या आधी उपाय सुरू होतात. मिठाच्या पाण्याच्या घड्या, गवती चहा, तुळस, सुंठ, आणि शेजारच्या काकांचा काढा. ताप कशानं आला हे विचारण्याचा मान डॉक्टरांचा, आणि डॉक्टर तिसऱ्या दिवशी. तेव्हा ऐन एप्रिलात लॅपटॉपला ताप भरला तेव्हा मंडळी जी वागली ती घरच्या रीतीप्रमाणेच वागली, असंच म्हणायला हवं.

हा लॅपटॉप आमच्याकडे २०२० साली आला. शाळा घरात शिरली त्या वर्षी. मुलगी दहावीत होती. पुढं २०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली. लॅपटॉपचे हप्ते मात्र रद्द झाले नाहीत. आता ती बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिचा प्रोजेक्ट त्याच यंत्रात आहे, आणि तो द्यायला बारा दिवस उरले असताना यंत्र दर अर्ध्या तासानं घोंघावायला लागलं, मंदावायला लागलं आणि चक्क डोळे मिटायला लागलं.

सौ.नी त्याच्याखाली स्टीलचं ताट पालथं घातलं. काका म्हणाले, "दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा हो!" काकांचा शब्द सहसा मोडवत नाही. लॅपटॉप कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत पोचलाही होता. पण मुलीनं तो हिसकावून घेतला. गार झालेल्या यंत्राला बाहेरची हवा लागली की ताकाच्या गडूसारखा घाम फुटतो, आणि तो आतूनही फुटतो म्हणे. मग एका दुकानात नेला. तिथल्या गृहस्थानं झाकणही न उघडता नाडी पाहिली आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेला. अठरा हजार." न उघडता बॅलन्सशीट सांगणारा माणूस मी आमच्या बँकेतसुद्धा पाहिलेला नाही.

निदान केलं ते आमच्या शाखेत कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्या पोरानं, चहा पिता पिता. प्रोसेसर काम करतो आणि तापतो. त्याच्या डोक्यावर तांब्याची नळी असते. ती उष्णता उचलून कडेच्या बारीक पात्यांपर्यंत नेते आणि पंखा ती फुंकून बाहेर घालवतो. पात्यांत कचरा बसला की फुंकर आतच कोंडते. प्रोसेसर आणि नळी यांच्यामध्ये एक मलम असतं, तेही चार-पाच वर्षांत वाळून खडखडीत होतं. मग तापमान शंभराच्या घरात गेलं की प्रोसेसर आपणहून हात आखडता घेतो, आणि तरी भागलं नाही तर यंत्र स्वतःला बंद करतं.

हे ऐकून मला त्या यंत्राबद्दल आदर वाटला. पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे चहाचं आधण येईल इतका ताप होईपर्यंत ते बिचारं काम करतं, आणि मग कुणालाही न विचारता थांबतं. मी एकवीस मार्च-अखेरी काढल्या. ही सोय आमच्या सेवाशर्तीत नाही.

रविवारी आम्ही बापलेक बसलो. चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं, आधी बॅटरीची जोडणी सोडवली. मी कॉमर्सचा माणूस. मला वीज कळत नाही, पण नोंद कळते. एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढली आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीनं लावला. मुलगी हसली. पण त्यात चार आखूड आणि सात लांब निघाले, आणि आखडाच्या जागी लांब पिळला तर तो आतल्या बोर्डात घुसतो, हे कळल्यावर ती खतावणीला हसायची थांबली.

पंख्याची पाती फिरू नयेत म्हणून तिनं त्यात टूथपिक अडकवली आणि कोरड्या ब्रशनं पात्यांपुढचा थर उचलला. थर कसला, नमदाच होता! राखाडी, आणि मध्ये मध्ये निळा.

ती ब्रश हातात धरून तशीच थांबली.

"बाबा, आजीची गोधडी."

दोन वर्षं ती त्याच गोधडीवर बसून शिकली होती. लॅपटॉप गोधडीवर, आजी शेजारी वाती वळत. वर्ग चालू असताना आई मास्तरांना नमस्कार करायची आणि मुलगी घाईघाईनं कॅमेरा झाकायची. २०२२ साली आई गेली. गोधडी आता माळ्यावर आहे.

निळा पुंजका तिनं कागदावर काढून ठेवला. मग आम्ही दोघांनीही एकदमच मलमाची ट्यूब शोधायला सुरुवात केली. ती समोरच होती.

जुनं मलम आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, नवं वाटाण्याएवढं लावलं. "एवढंसंच?" असं सौ. म्हणाल्या, त्यांना काहीही वाढताना हात आखडता येत नाही. शेवटी स्क्रूंची टोटल मारली. निघाले अकरा, बसले अकरा. दुरुस्तीनंतर एकही स्क्रू न उरलेलं घर आमच्या सोसायटीत दुसरं नसावं. खर्च तीनशे ऐंशी रुपये. आधी सत्त्याण्णव दाखवणारा आकडा प्रोजेक्ट चालू असताना चौऱ्याहत्तरवर येऊन थांबला, आणि घोंघावणं इतकं कमी झालं की मुलीनं दोनदा कान लावून पाहिला.

बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी काका आपला लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, अगदी चालूच होत नाही हो. मी तो हातात घेतला. गारेगार होता, आणि त्याला कोथिंबिरीचा वास येत होता.