आठवण करून देणारे दिवे

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, फोर्ट वेन शहराच्या उत्तरेस, ऑबर्न हे एक लहानसे गाव आहे. ऑबर्न ऑटोमोबाईल कंपनीने १९३० साली येथे बांधलेली मुख्य कचेरी आणि तिचे विक्रीदालन आजही दिमाखात उभे आहे. उंच खिडक्यांतून येणारा प्रकाश, रंगीत टेराझोची नक्षीदार फरशी आणि त्या फरशीवर उभ्या असलेल्या जुन्या मोटारी पाहून प्रवाशास क्षणभर वाटावे, की दुकान नुकतेच उघडले आहे आणि पहिले गिऱ्हाईक यावयाचे आहे. वस्तुतः १९७४ पासून येथे ऑबर्न, कॉर्ड आणि डुसेनबर्ग या तीन मोटारींचे संग्रहालय आहे.

येणाऱ्याची पावले बहुधा डुसेनबर्गच्या ‘जे’ मॉडेलपाशी थबकतात. तिचे आठ सिलिंडरचे इंजिन जवळजवळ सात लिटरचे असून त्याची शक्ती २६५ अश्वशक्ती असल्याचे कंपनी सांगत असे. जाणकाराची नजर मात्र चालकासमोरील फळीवरच्या बारीक दिव्यांकडे जाते. सातशे मैल धाव झाली की एक दिवा तेल बदलण्याची आठवण देई. चौदाशे मैलांनंतर दुसरा दिवा बॅटरीतील पाणी पाहावयास सांगे. आपल्या देखभालीचा हिशेब ही गाडी स्वतःच ठेवीत असे.

फ्रेड व ऑगस्ट हे डुसेनबर्ग बंधू जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत आले. यंत्रविद्येत त्यांचा हात धरणारे थोडेच होते. १९२१ साली त्यांच्या गाडीने फ्रान्सची ग्रां प्री शर्यत जिंकली. व्यापार मात्र त्यांना साधला नाही. तो साधला होता एरेट लोबन कॉर्ड यांना. १९२४ साली ते ऑबर्न कंपनीत आले, तेव्हा आवारात शेकडो गाड्या विक्रीवाचून पडून होत्या. कॉर्ड यांनी त्यांना नवे आकर्षक रंग दिले, चकचकीत मुलामा चढविला आणि तोच माल विकून दाखविला. १९२६ साली त्यांनी डुसेनबर्ग कंपनी विकत घेतली आणि सर्वोत्तम गाडी घडविण्याचे काम फ्रेड यांच्यावर सोपविले.

१९२८ च्या डिसेंबरात ‘जे’ न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली गेली. नुसत्या सांगाड्याची किंमत ८,५०० डॉलर. वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून वेगळी करवून घ्यावयाची. त्या काळी साधी फोर्ड पाचशे डॉलरांच्या आसपास मिळे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी मागविलेल्या गाडीची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बनविली. ती दोन आसनी, केशरी व काळ्या रंगाची गाडी पुढे अमेरिकेस परत गेली.

वर्षाला पाचशे गाड्या खपतील, असा कॉर्ड यांचा अंदाज होता. पण वर्षाच्या आतच शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. १९३७ पर्यंत साऱ्या वर्षांत मिळून सुमारे ४८० गाड्या गेल्या. फ्रेड यांचा १९३२ सालीच मोटार अपघातानंतर मृत्यू झाला होता. शेअर व्यवहारांची सरकारी चौकशी सुरू असता १९३७ साली कॉर्ड आपला वाटा विकून बाहेर पडले आणि तिन्ही गाड्यांचे उत्पादन संपले. ज्या घरांची चूल कारखान्याच्या पगारावर पेटत होती, त्यांच्यासाठी हा केवळ एका नावाचा अस्त नव्हता.

तरीही खाते पूर्ण बंद झाले नाही. डॅलस विन्स्लो यांनी उरलेले सुटे भाग विकत घेऊन याच इमारतीतून १९६० पर्यंत दुरुस्तीचा व्यवसाय चालविला. त्यामुळे कित्येक गाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या.

आज अशा गाडीचे पुनरुज्जीवन करणारा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी क्रमांक तपासतो. सांगाड्याचा एक क्रमांक, इंजिनाचा दुसरा. शिवाय अनेक गाड्यांच्या बॉड्या पुढे एकमेकींवर चढविल्या गेलेल्या. मूळ काय आणि नंतरचे काय, हे जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यावरच या गाड्यांच्या मालकांची संघटना तिच्या अस्सलपणाचा दाखला देते. नवा भाग बसविणे हा दोष नव्हे. तो जुना म्हणून दाखविणे हा दोष होय. चकाकी कोणीही आणू शकतो. किंमत ठरते ती खऱ्या नोंदीवर.

दरवर्षी सप्टेंबरच्या आरंभी, कामगार दिनाच्या सुटीत, या गाड्या ऑबर्नच्या रस्त्यांवरून मिरवत जातात आणि गाव त्यांना पाहावयास रस्त्यावर येते. मिरवणूक सरली की दालन पुन्हा शांत होते. गाडीतील तेल कधी बदलावे हे सांगणारा दिवा तिच्या कर्त्यांनी नव्वद वर्षांहून अधिक काळापूर्वी तयार केला. खपाचा अंदाज चुकत चालला आहे, हे सांगणारा दिवा मात्र त्या भव्य कचेरीत कोठेच नव्हता. तो प्रत्येक पेढीवर मालकालाच स्वतःच्या हाताने लावावा लागतो.