बंद केलेलं लॉगिन

डोमेन कंट्रोलरवर बाहेरचं काहीही इन्स्टॉल करायचं नाही, हा माझा नियम होता. अख्ख्या बँकेचे पासवर्ड ज्या सर्व्हरवर तपासले जातात, तिथे आणखी एक प्रोग्राम म्हणजे आत शिरायला आणखी एक वाट. डिसेंबर 2020 मध्ये सोलरविंड्सचं प्रकरण उघडकीला आलं. त्यांच्या ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता आणि तो अपडेट सुमारे 18,000 ग्राहकांपर्यंत पोचला होता. मग तर माझं मत पक्कंच झालं. आमच्या विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा एजंट, म्हणजे सर्व्हरवरच बसून आतली माहिती कळवणारा प्रोग्राम, टाकू या म्हणून दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा मी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही.

एका दुपारी विभागीय कार्यालयातून फोन आला. “सर, मॅडम रिटायर झाल्या तरी त्यांचं लॉगिन चालतंय. तेवढं बंद करू नका, रिपोर्ट काढायला सोयीचं पडतं.”

ते लॉगिन मी स्वतः बंद केलं होतं, त्या निवृत्त झाल्या त्याच संध्याकाळी.

आमचा एक डोमेन कंट्रोलर मुख्य कार्यालयात, दुसरा विभागीय कार्यालयात. एकावर केलेला बदल रेप्लिकेशनने दुसऱ्यावर जातो. त्या दिवशी रेप्लिकेशन तपासणारी रेपॲडमिन ही कमांड चालवून पाहिलं तेव्हा रेप्लिकेशन 41 दिवस बंद होतं. एरर 1722, म्हणजे आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही. फायरवॉलचे नियम आवळताना 135 पोर्ट चालू राहिला होता, पण आरपीसी पुढे ज्या 49152 ते 65535 मधल्या पोर्टांवर बोलतं, ते दोन कार्यालयांमध्ये अडले होते. तो बदल माझ्याच सहीने झाला होता. माझं मॉनिटरिंग मात्र बाहेरून पिंग करायचं, 88 आणि 389 उघडे आहेत का बघायचं, डिस्क आणि सर्व्हिसेस तपासायचं. ते सगळं ठीकच होतं. बिघाड सर्व्हरच्या लॉगमध्ये रोज नोंदला जात होता आणि तो वाचणारं कोणी नव्हतं. हेच 180 दिवस चाललं असतं, तर तो कंट्रोलर पुसून नव्याने उभा करावा लागला असता.

खरा धक्का त्यानंतरचा. डिस्क आणि सर्व्हिसेस बाहेरून वाचता याव्यात म्हणून मॉनिटरिंगच्या सर्व्हरला मी एक खातं दिलं होतं. डोमेन कंट्रोलरवर साध्या सर्व्हरसारखा वेगळा लोकल ॲडमिन नसतो, म्हणून ते खातं मी सरळ डोमेन ॲडमिन्समध्ये घातलं होतं. एजंट नको म्हणता म्हणता साऱ्या डोमेनची किल्ली मी दुसऱ्याच सर्व्हरवर ठेवून दिली होती, आणि त्या सर्व्हरची राखण डोमेन कंट्रोलरइतकी कधीच केली नव्हती.

ते खातं त्याच रात्री काढलं. एजंट सहकाऱ्यानेच बसवला. तो आपणहून बाहेर आकडे पाठवतो, त्याच्यासाठी आत येणारा पोर्ट उघडलेला नाही. बाहेरून कमांड चालवण्याची सोय बंद आहे. माझी जुनी भीती खोटी नव्हती, असं आजही वाटतं: हा एजंट लोकल सिस्टिम म्हणून चालतो आणि डोमेन कंट्रोलरवर त्याचा अर्थ सर्वाधिकार. म्हणून झॅबिक्सचा सर्व्हर आता डोमेन कंट्रोलरच्याच बंदोबस्तात आहे आणि एजंटचं अपडेट चाचणीच्या सर्व्हरवर चालवल्याशिवाय पुढे जात नाही. शेवटचं यशस्वी रेप्लिकेशन तासाभरापेक्षा जुनं झालं की आम्हा दोघांचेही फोन वाजतात.

त्या मॅडमना मी फोन केला. निवृत्तीनंतर त्यांच्या नावावर कोणत्या कॉम्प्युटरवरून किती वेळा लॉगिन झालं, ते तारखेनिशी वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला हे लेखी द्याल का?”

दुसऱ्या दिवशी दिलं.