मधला चेंडू

आयुष्यभर वर्गांत रघुवंश शिकविल्यामुळें, राज्य केव्हां व कसें सोंपवावें हा प्रश्न मला नवा नाहीं. रघुकुलांतील राजे वार्धक्य येतांच पुत्रावर भार टाकून वनाकडे वळत. या प्रश्नाचें उत्तर टेनिसच्या मैदानावर सांपडेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें. मीरा-भाईंदरच्या आमच्या घरांत तीन पिढ्या एकाच खोलींत टीव्हीसमोर बसतात, आणि नातवामुळें मलाही या खेळाची गोडी लागली.

नातवाचें मत असें कीं, जुन्यांनीं वेळींच बाजूस व्हावें, म्हणजे तरुणांस वाट मिळते. वाचकहो, हें अर्धेंच खरें आहे. १६ जुलै २०२३ रोजीं विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत २० वर्षांच्या कार्लोस अल्काराझनें ३६ वर्षांच्या नोव्हाक जोकोविचला पांच सेटमध्यें हरविलें. पहिला सेट जोकोविचनें ६-१ असा घेतला होता. तो आधींच घरीं बसला असता, किंवा त्यानें दया दाखविली असती, तर तरुणाच्या यशाला काय मोल उरलें असतें? शिष्याकडून पराभव इच्छावा असें पूर्वज सांगत आले. पण तो पराभव खरा हवा. पुढल्याच वर्षीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें जोकोविचनें त्याच अल्काराझला नमवून सुवर्णपदक मिळविलें!

तथापि प्रत्येकास असें एकट्यानें लढतां येत नाहीं. येथें रोहन बोपण्णा आठवतो. कूर्गमध्यें वाढलेल्या या खेळाडूच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजून गेली होती. त्यास आधार झाला तो अय्यंगार पद्धतीच्या योगाभ्यासाचा, ज्या पद्धतीची कर्मभूमि आपलें पुणें. एकेरीचा मोह सोडून त्यानें दुहेरीवर लक्ष दिलें. फेब्रुवारी २०२२ मध्यें पुण्याच्या बालेवाडींत, महाराष्ट्र ओपन स्पर्धेंत, ४१ वर्षांच्या बोपण्णानें २७ वर्षांच्या रामकुमार रामनाथनच्या जोडीनें विजेतेपद मिळविलें. २७ जानेवारी २०२४ रोजीं मॅथ्यू एब्डनसह त्यानें ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली, तेव्हां त्याचें वय ४३ होतें. पाठोपाठ तो दुहेरींत जगांत पहिला ठरला. नोव्हेंबर २०२५ मध्यें तो निवृत्त झाला.

दुहेरीचें मर्म असें कीं, मैदान अर्धें आपलें व अर्धें जोडीदाराचें. वडील खेळाडू धांवण्यांत कमी पडला, तरी सर्व्हिस आणि जाळ्याजवळची नजर यांवर आपली बाजू राखतो. लांबचे चेंडू तरुणानें घ्यावे. दोघांच्या मधोमध येणारा चेंडू कोणाचा, हें मात्र बोलूनच ठरतें. दोघेही थांबले तर गुण गेला. दोघेही धांवले तर रॅकेटवर रॅकेट आदळते. एकत्र कुटुंबांतील बहुतेक कलह अशा मधल्या चेंडूंवरूनच होतात.

राष्ट्रीय उद्यानाचें वन आमच्या शहराच्या कडेला अजून आहे. पण तेथें बिबटे राहतात, निवृत्त मास्तरांस जागा नाहीं. तेव्हां घरांतच अर्धें मैदान सांभाळणें भाग आहे. घरखर्चाची वही ३० वर्षें माझ्याकडे आहे. ती देतांना हात जड होतो, हें लपवीत नाहीं. तरी येत्या पाडव्यापासून ती सूनबाईंकडे जाईल. मी शेजारीं बसेन, विचारल्यास सांगेन. आणि मधला चेंडू आलाच, तर "तुझा" असें आधीं मीच म्हणेन.