पत्रादेवीचा नाका

मैत्रिणींनो, बांद्याहून गोव्याकडे निघालं की पत्रादेवीचा नाका लागतो. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ७२ तासांच्या आतला, करोना नसल्याचा दाखला दाखवल्याशिवाय पर्यटकांना इथून पुढे जाता येत नसे. ‘सहलीला निघालोय की दवाखान्यात?’ अशी कुरकुर व्हायची. पण तेव्हा गोव्यातल्या इस्पितळांत प्राणवायूची चणचण होती. शिवाय दाखला तपासणीच्या दिवसापुरताच खरा. लागण पुढे वाटेतही होऊ शकते. म्हणून दाखला पर्समध्ये असला, तरी तोंडावर मास्क हवाच होता. आता दाखला लागत नाही. तरीही घरात कुणाला ताप-खोकला असेल, तर सहल पुढे ढकला, बरं का! समुद्र कुठे पळून जात नाही. आपली खोली झाडणारी बाई मात्र संध्याकाळी तिच्या लेकरांकडे परत जाते.